गुडघ्याखालचा सेनापती

चौकात जो संगमरवरी सेनापती उभा आहे ना, त्याचं तोंड त्याचं स्वतःचं आहे, दंड एका बेकरीवाल्याचे आहेत आणि गुडघ्यापासून खालचे दोन्ही पाय माझ्या नवऱ्याचे आहेत. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. लोक पुतळ्याखाली फोटो काढतात, भेटायला जागा म्हणून तोच चौक सांगतात, पोरं चौथऱ्यावर चढून बसतात. आणि ज्या पोटऱ्यांकडे हे सगळे मान वर करून बघतात, त्या पोटऱ्यांना उभा जन्म मी तेल चोळलंय, हे त्यातल्या एकाच्याही गावी नसतं.

आमचं इस्त्रीचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे खोली, मध्ये एक पडदा. दुकान माझं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं होतं आणि त्यांच्यामागे माझ्या गळ्यात पडलं. आमचे हे तेव्हा नदीकाठच्या गोदामात पोती वाहायचे. होडीतून फळीवर, फळीवरून धक्क्यावर, धक्क्यावरून आत. चांगला कमावता, सरळ, संध्याकाळी घरी येणारा माणूस होता. नजर लागली ती त्या पुतळ्याची.

शहराला आपल्या सेनापतीचा पुतळा करायचा होता. वेढा फोडून ज्याने शहर वाचवलं तो सेनापती. शूर होता, माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण सगळा जन्म घोड्यावर गेल्यामुळे पाय फाकलेले, आणि म्हातारपणी पोट सुटलेलं. समितीला पुतळा हवा होता जुन्या रोमन थाटाचा. छातीवर चिलखत, खांद्यावरून घरंगळणारं वस्त्र, पायांत पट्ट्यांच्या वहाणा आणि गुडघ्याखाली सगळं उघडं. त्या पद्धतीत म्हणे माणूस जसा होता तसा घडवायचा नसतो, जसा असायला हवा होता तसा घडवायचा असतो. अशी सोय नवऱ्यांच्या बाबतीत असती तर मीही चार फेरफार सांगितले असते.

तर शिल्पकार पाय शोधत हिंडत होता. भुवयांपर्यंत पांढऱ्या धुळीने माखलेला, तिरसट म्हातारा. धक्क्यावर आला, फळीवरून उतरणारे ह्यांचे पाय बघितले आणि तिथेच ओरडला, "ए, पोतं टाक खाली!" दुसऱ्या दिवसापासून आमच्या ह्यांची पोती सुटली. सगळा हिवाळा त्याच्या कारखान्यात हे गुडघ्यापर्यंत विजार गुंडाळून उभे. आधी मातीचा पाय, मग प्लास्टरचा, मग दगडाचा. घरी येऊन मला सांगायचे, "आज सेनापतींची डावी पोटरी झाली." जसं काही हेच लढाई मारून आलेत. मी इस्त्रीवरून मान वर न करता म्हणायचे, "पोटरी झाली असेल तर कोळसे आणा." पण ऐकतंय कोण!

त्या म्हाताऱ्याने एक दिवस ह्यांना म्हटलं, "असे पाय मी फक्त पुस्तकात पाहिलेत." बस्स. माझ्या संसाराचा विचका केला तो त्या एका वाक्याने.

आणखी एक सांगते, कारण ते पुढे लागणार आहे. ह्यांच्या डाव्या नडगीवर एक खळगा होता. लहानपणी पेटीचा कोपरा लागून हाड दबलं होतं, करंगळीचं टोक बसेल एवढं. शिल्पकाराने पायावरचे बाकीचे सगळे ओरखडे, गाठी, शिरा गुळगुळीत करून टाकल्या, पण तो खळगा ठेवला. का ठेवला विचारलं तर म्हणाला, "बुजवायला हात वळला नाही." ह्यांना हा केवढा मान वाटला! लग्नात एवढे फुलले नव्हते.

पुतळ्यावरचा पडदा काढला त्या दिवशी आम्ही गर्दीत अगदी मागे होतो. ह्यांचा सदरा मी स्वतः कडक इस्त्री केलेला. पडदा पडला, टाळ्या झाल्या, मी बघते तर ह्यांचं तोंड उतरलेलं. डाव्या पायाला चिकटून पाठीमागे एक झाडाचं खोड होतं. जाड, खडबडीत, तोडलेल्या झाडाचा असतो तसा बुंधा. कारखान्यात मागचा तो दगड अजून काढायचा राहिलाय, असंच ह्यांना वाटलं होतं. भाषणं संपायच्या आत हे शिल्पकारापुढे जाऊन उभे राहिले. "मी दिवस दिवस तुमच्यासमोर उभा राहिलो. एकदा तरी कशाला टेकलो का? मग हा खुंट कुठून आणलात?"

म्हातारा म्हणाला, "अरे बाबा, संगमरवराच्या घोट्याला वरचं एवढं धूड पेलत नाही. खोड नसेल तर आपल्याच वजनाने तडकेल. सगळे असंच करतात."

"मी तडकलो का?" हे म्हणाले आणि मला ओढत घरी घेऊन आले.

तेव्हापासून ह्यांनी पुतळ्याच्या मागे पाऊल टाकलं नाही. चौकात गेले की समोर, जरा उजव्या हाताला, एका ठरलेल्या फरशीवर उभे राहायचे. तिथून खोड वस्त्राच्या आड जातं. पाहुण्यांना तिथूनच दाखवायचे. कुणी गोल फिरून बघायला निघालं की दंडाला धरून परत आणायचे. "समोरूनच बघायचं असतं हो," म्हणायचे. जावयाला पहिल्यांदा घेऊन गेले तेव्हा तो बिचारा मागे जायला लागला, तर त्याच्याशी वर्षभर धड बोलले नाहीत.

पोती सुटली ती सुटलीच. नडगीला खरचटलं तर? घोटा सुजला तर? एका मोठ्या कापड दुकानात दरवान म्हणून लागले. उभं राहायचं काम, आणि ते ह्यांना झकास जमायचं. एक पाय किंचित पुढे, भार डाव्यावर. गिऱ्हाइकं वळून बघायची. घरात मात्र पाण्याची बादली उचलायला सांगा, लगेच पायात पेटका यायचा. रोज रात्री जेवण झालं की पाटावर पाय सोडून बसायचे आणि मी तेल चोळायचं. गल्लीने नाव ठेवलं सेनापती. थट्टेनेच ठेवलं होतं, पण ह्यांना ते मानाचं वाटायचं. दुकानात येऊन कुणी विचारलं, "सेनापती आहेत का घरात?" की आतून पडदा सारून हे असे बाहेर यायचे, की मला इस्त्री फेकून मारावीशी वाटायची.

आणि मी? दिवसभर इस्त्रीच्या टेबलाशी मीही उभीच की! माझ्या पायांच्या शिरा निळ्या होऊन दोरखंडासारख्या वर आल्यात. संध्याकाळी घोटे फुगून चपलेत मावत नाहीत. त्यांचा पुतळा करायला कुणी आलं नाही, आणि त्यांना तेल लावायलाही कुणी बसलं नाही. मी बोलायला लागले की हे म्हणायचे, "तुझं आपलं काहीतरीच." काहीतरीच म्हणे!

साखर ह्यांना बरीच वर्षं होती. गोळ्या होत्या, पथ्य होतं, आणि लपूनछपून खाणंही होतं. त्यावरून मी आणि लेक दोघी डोकं आपटून दमलो होतो. मग या वर्षी ह्यांनी तेल लावून घ्यायचंच बंद केलं. "आता नको, तू दमतेस," म्हणाले. मला आधी बरं वाटलं, हो, खोटं कशाला बोलू. मग मनात पाल चुकचुकली. हा माणूस आणि मी दमते हे ह्याच्या लक्षात येतं?

कपड्यांवरचे डाग ओळखण्यात माझा जन्म गेलाय. ह्यांच्या डाव्या मोज्यात पांढरं काहीतरी सापडायला लागलं. पावडर म्हणावी तर वास नाही, पीठ म्हणावं तर चरचरीत. धुतलं की तळाशी बसायचं. एक दिवस सकाळी हे बेसावध असताना मी पाय धरला आणि मोजा ओढला. अंगठ्याशेजारचं बोट काळं पडलेलं, आणि तळव्याला जखम. जखमेत पांढरा लगदा भरलेला, वाळून दगड झालेला. खोलीत वास सुटला. माझ्या हातातला मोजा खाली पडला.

"हे काय लावलंय?"

"औषध आहे."

"कुठल्या डॉक्टरने दिलं?"

मी गादी उलटी केली, फडताळ उपसलं, आणि कोपऱ्यातल्या बुटांच्या खोक्यामागे एक पत्र्याचा डबा सापडला. आत पांढरी पूड. शिल्पकाराच्या कारखान्यातल्या कारागिरांची रीत होती. छिन्नी हातावर बसली की चिमूटभर संगमरवराची पूड दाबायची, रक्त थांबतं. आणि आमच्या ह्यांनी काय केलं होतं? दगडातून डावा पाय कोरला जात असताना त्याच्याखाली जी पूड पडली, ती डब्यात भरून आणली होती. उजव्या पायाची नाही, दंडाची नाही, फक्त डाव्या पायाची. इतकी वर्षं जपून ठेवली, मला पत्ता नाही.

"ह्याच पायाची आहे ती," हे मला समजावून सांगायला लागले. "परकं काही नाही. ज्याचं त्याला लागणार. आणि दुखत पण नाही आता."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काय बोलले ते आता आठवत नाही, पण समोरचा शिंपी आपलं मशीन थांबवून बाहेर आला होता. मग लेकीला बोलावलं आणि दोघींनी ह्यांना उचलून इस्पितळात नेलं.

डॉक्टरीणबाई तरुण होती, पण आवाज पक्का. चिमट्याने लगद्याचा तुकडा काढून तिने दिव्याखाली धरला. "हे काय आहे?"

"संगमरवर," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही आता हिलाही तपासावं लागणार. मग सरळ सांगितलं. दुखत नाही हे बरं लक्षण नाही, पायातली जाणीव गेल्याचं लक्षण आहे. विष वर चढतंय. पाय गुडघ्याखाली कापावा लागेल, आणि लवकर. उशीर केलात तर मांडीपर्यंत जावं लागेल, आणखी उशीर केलात तर माझ्याकडे येऊच नका.

हे म्हणाले, "नाही."

"काका, जिवाचा प्रश्न आहे."

"बाई, तुम्हाला माहीत नाही हा कुठला पाय आहे ते." आणि हे खरोखर तिला पुतळ्याची सगळी कहाणी सांगायला लागले. मी कपाळाला हात लावला. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "मग तो पाय तिथे सुरक्षितच आहे की. हा काढू या." ह्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. सही केली नाही. आम्ही आलो तसे घरी परत.

पुढचे दिवस कसे काढले ते मला विचारू नका. लेक रडली, पाया पडली, शेवटी भांडली. "लहानपणी शाळेत मी सांगितलं, हे माझ्या बाबांचे पाय आहेत, तर सगळ्या वर्गाने मला खोटारडी म्हटलं," ती ह्यांना म्हणाली. "तेव्हाही तुम्हाला त्या पायांचंच कौतुक. आता त्यांच्यापायी मला बाप नको का?" जावई आला, शिंपी आला, सगळ्यांचं एकच म्हणणं, आणि ह्यांचं एकच उत्तर. अंगात ताप भरायला लागला. मी दुकानात इस्त्री फिरवायची आणि पडद्याआड श्वास चालू आहे ना ते ऐकायची. एका गिऱ्हाइकाची पँट जाळली, जन्मात पहिल्यांदा. भीती वाटत होती, पण त्याहून जास्त राग येत होता. हा माणूस मरणार, आणि तोही एका दगडाची लाज राखायला!

एका दुपारी हे म्हणाले, "मला एकदा चौकात ने."

मी म्हटलं, "नेते. तुमच्या सेनापतीलाच विचारू काय करायचं ते."

कपडे पोचवायची आमची हातगाडी आहे, तिच्यावर गादी टाकली. शिंप्याने आणि मी मिळून ह्यांना वर झोपवलं आणि गाडी मी ढकलत नेली. चौकाला समोरून पायऱ्या आणि साखळी आहे, गाडी चढत नाही. गाड्यांचा रस्ता बाजाराकडून येतो, पुतळ्याच्या पाठीमागे. हे ओरडायला लागले, "इकडून नको, समोरून घे." मी कशाला ऐकते? ढकलत ढकलत नेली आणि चौथऱ्याच्या मागे, अगदी त्या खुंटाखाली, चाकाला दगड लावून उभी केली.

"बघा," मी म्हटलं. "समोरून बघून बघून डोळे फुटलेत तुमचे, आता जरा मागून बघा."

ह्यांनी डोळे मिटून घेतले. मी थांबले. गाडीवर झोपलेला माणूस जाणार कुठे! शेवटी उघडले. वर ते खोड, पाचरीसारखं पोटरीत घुसलेलं. मागून बघितलं की पाय कुठे संपतो आणि खुंट कुठे सुरू होतो ते कळतच नाही.

"दगडाचा पाय आहे तो," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, लोक थांबून बघत होते, बघेनात का! "त्याला ना साखर, ना जखम. तोसुद्धा टेकूनच उभा आहे इतकी वर्षं. आणि तुमच्या घरातला खुंट कोण होता, कधी विचार केलात? मी होते! तुम्ही तिकडे दारात एक पाय पुढे करून उभे होता ना, तेव्हा इकडे माझे पाय फुटत होते. एवढी वर्षं मी टेकू दिला तो काय असं मरायला? उद्या एका पायावर उभं राहावं लागलं तर मी आहे. पण तुम्हीच नसलात तर मी कुणाला टेकू देऊ? ह्या दगडाला?"

बोलता बोलता मला रडू फुटलं. त्याचाही राग आला.

हे बराच वेळ वर बघत राहिले. मग म्हणाले, "खुंट फार बेढब काढलाय गं म्हाताऱ्याने."

"असू दे बेढब."

"हं." मग माझा हात चाचपून धरला. त्यांचा हात तापाने भाजत होता. "अगं, मला भीती वाटते."

सगळ्या जन्मात हे वाक्य मी ह्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मी चाकाखालचा दगड काढला आणि गाडी वळवली. घराकडे नाही, थेट इस्पितळाकडे.

पाय गेला. गुडघा वाचला. डॉक्टरीणबाई म्हणाली, अगदी वेळेवर आलात. शुद्धीवर आल्यावर ह्यांनी पांघरुणाकडे बघितलं, जिथे उंचवटा असायला हवा होता तिथे ते सपाट होतं. त्या पायाचं पुढे काय केलं हे विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं. विचारलं नाही.

आता हे दुकानात बसतात, कुबडी टेबलाला टेकवून. कपड्यांच्या घड्या घालतात, वाकड्या घालतात, मी पुन्हा घालते, मग भांडण होतं. पुतळ्याचं नाव काढत नाहीत. गल्लीतही कुणी सेनापती म्हणत नाही, अवघडल्यासारखे नुसते 'काका' म्हणतात. ह्यांनी तक्रार केली नाही. पण मी एकदा शिंप्याला झापलं, "काय रे, तोंडाला काय झालंय? नेहमीसारखी हाक मार की!"

रात्री तेलाची वाटी घेऊन बसते ती आता उजव्या पायाशी. डावीकडे हात आपोआप जातो आणि पाटावर टेकतो. त्या नडगीवरच्या खळग्यात माझं करंगळीचं बोट बरोबर बसायचं. तो खळगा आता जगात एकाच ठिकाणी उरलाय, आणि ज्या दगडाला मी जन्मभर शिव्या घातल्या, नेमका त्याच्यावर. काय म्हणावं ह्याला? चीड येते, दुसरं काय!

परवा कपडे पोचवून यायला मला उशीर झाला.

"कुठे होतीस?" ह्यांनी विचारलं.

"बाजारात."

"चौकातून आलीस?"

"जवळ पडतं," मी म्हटलं. जवळ अजिबात पडत नाही, हे आम्हाला दोघांनाही माहीत आहे.

ह्यांनी एक उशीचा अभ्रा घेतला, त्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"कसा आहे?"

"कोण?"

"पाय गं."

"बरा आहे," मी म्हटलं. "कबुतरांनी घाण केली होती. चौथऱ्यावर चढून ओल्या फडक्याने पुसला. शिपाई ओरडत आला, बाई, पुतळ्याला हात लावायचा नाही. मी म्हटलं, माझ्या घरातला आहे, मी लावणार."